तिसरा शब्द

लोणी, छत्री, किल्ली. हे तीन शब्द वसुधा जन्मात विसरणार नाही. ज्याने ते लक्षात ठेवायचे होते त्याच्या डोक्यातून तिसरा शब्द पाच मिनिटांत निघून गेला, आणि वसुधाने तो पदरचा घालून दिला. झालं ते एवढंच. पण त्यापायी एक धडधाकट माणूस आयुष्यातून उठला.

वर्ध्याची बाई अमेरिकेत, अटलांटाजवळच्या अल्फारेटात राहून एका रशियन बॉक्सरची दुभाषी कशी झाली, हे आधी सांगायला हवं. वर्ध्याला राजाराम देवतळे नावाचे विज्ञानाचे मास्तर होते. मुलीने डॉक्टर व्हावं हा त्यांचा ध्यास. १९८३ साली सोव्हिएत सरकारची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली, पोरीला एवढ्या थंडीत कुठे धाडता म्हणाले. मास्तरांनी कुणाचं ऐकलं नाही. वसुधा सात वर्षं व्होल्गेच्या काठी राहिली, रशियनमध्ये शिकली, रशियनमध्ये भांडली, आणि डॉक्टर होऊन परत आली. नागपुरात तिची प्रॅक्टिस चांगली चालली होती. मग श्रीरामशी लग्न झालं, नैना झाली, श्रीरामला अटलांटाला कॉम्प्युटरची नोकरी लागली आणि १९९८ साली तिघं इकडे आली.

अमेरिकेने तिच्या डिग्रीला विचारलं नाही. पुन्हा परीक्षा द्या म्हणाले, तिने दिली. पहिल्यांदा सात मार्कांनी गेली, दुसऱ्यांदा दोन मार्कांनी. दोन मार्क म्हणजे एखादा प्रश्न. तिसऱ्यांदा बसायची तयारी चालली होती तेवढ्यात २००१च्या सप्टेंबरात मास्तर गेले. त्याच आठवड्यात अमेरिकेतली सगळी विमानं जमिनीवर होती. वसुधा भरलेली सुटकेस शेजारी ठेवून चार दिवस फोनपाशी बसून राहिली, आणि तिकडे मास्तरांना अग्नी पुतण्याने दिला. त्यानंतर तिने पुस्तकं गॅरेजमध्ये टाकली ती टाकलीच.

पुढे कुणीतरी सांगितलं की इथल्या हॉस्पिटलांना रशियन जाणणारी माणसं हवी आहेत. दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं. शिकवणारी बाई कडक होती. समोरचा बोलेल तेच आणि तेवढंच बोलायचं, घालायचं काही नाही आणि गाळायचंही नाही, असं तिने दहादा बजावलं. दुभाष्याची खुर्ची पेशंटच्या खांद्यामागे असते. डॉक्टर पेशंटकडे बघून बोलतो, पेशंट डॉक्टरकडे बघून, आणि तुम्ही त्या खोलीत नाहीच असं सगळ्यांनी धरून चालायचं. डॉक्टरच्या खुर्चीत बसलेल्या बाईला पेशंटच्या पाठीमागे बसवलं तर तिला कसं वाटेल? वसुधाला तसंच वाटलं. पण घरात भिंती बघत बसण्यापेक्षा ते बरं होतं.

२००३च्या एप्रिलमध्ये तिला एका क्लिनिकमधून बोलावणं आलं. बॉक्सिंगचं लायसन्स काढायला एक रशियन आला होता, बावीस वर्षांचा, ग्लेब सुखारेव. उरल पर्वताखालच्या मियास गावचा. तिथे ट्रक बनतात आणि माणसं शाळा संपली की ट्रकच्या कारखान्यात शिरतात. हा तेवढा ठोसे मारत मारत त्यातून बाहेर पडला होता. नाक दोनदा मोडलेलं, कान चुरगळलेले, आणि आवाज मात्र नव्या जावयासारखा लाजरा. डॉक्टर डोळ्यांत थेंब घालून बाहेर गेला तेव्हा त्याने विचारलं, तुम्ही इतकं चांगलं रशियन कुठे शिकलात. तिने सांगितलं. तर हा डोळे मिटलेलेच ठेवून खुर्चीतून उभा राहिला.

"म्हणजे तुम्ही डॉक्टर," तो म्हणाला. "तुमच्या वडिलांचं नाव काय?"

रशियात पेशंट डॉक्टरला नुसत्या नावाने हाक मारत नाही. नावापुढे वडिलांचं नाव लावायचं, थोडं वळवून. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर असतं तसंच, फक्त ते लोक रोज तोंडाने म्हणतात. वसुधाने राजाराम सांगितलं. त्याने ते दोनदा पुटपुटून पाहिलं आणि म्हणाला, "वसुधा राजारामोव्ना."

लग्नानंतर तिच्या मधल्या नावात श्रीराम आला होता, आणि अमेरिकेत त्याचंही एक अक्षर उरलं होतं. मास्तरांचं नाव तिच्या नावाला लागून कुणी उच्चारल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. त्या दिवशी ती पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून हमसून हमसून रडली. मग डोळे पुसले आणि नैनाला शाळेतून आणायला गेली.

पुढच्या वेळी ग्लेबने सांगून टाकलं की दुभाषी हवी ती हीच. त्याचा कोच ओटिस, साठी उलटलेला जुना बॉक्सर, टायरच्या दुकानाला लागून त्याची जिम. दोन राउंडच्या मधे बॉक्सर कोपऱ्यातल्या स्टुलावर एक मिनिट बसतो. त्या एका मिनिटात ओटिस दहा वाक्यं बोलायचा, त्यातली सात शिव्यांची. वसुधा रिंगच्या पायऱ्यांवर उभी राहून त्यातलं कामाचं तेवढं ग्लेबच्या कानात घालायची. डावा हात वर, त्याच्या पोटाकडे बघ, घाई नको. ओटिस खूश होता. पाठीवर तिचं नाव छापलेलं एक जॅकेटही त्याने तिला करून दिलं. ते घालून ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा श्रीराम हसून लोळायचा बाकी राहिला.

एकदा पत्रकारांसमोर ग्लेब म्हणाला, याला असा मारीन की याची आई याला ओळखणार नाही. वसुधाने इंग्रजीत सांगितलं की समोरचा बॉक्सर उत्तम आहे आणि मी पूर्ण तयारीने उतरेन. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की रशियन बॉक्सर मोठा सभ्य आहे. इथेच सगळं सुरू झालं, पण तेव्हा त्याला कुणी चूक म्हटलं नसतं. आपल्या माणसाला सांभाळून घ्यायला आपण लहानपणापासून शिकतो. पाहुण्यांसमोर काका वेडंवाकडं बोलले की काकू हसून बाजू सावरतात आणि लोक म्हणतात, बाई समजूतदार आहेत हो. वसुधा तशी समजूतदार होती. ट्रेनिंगवाल्या बाईचे नियम तिने हॉस्पिटलात पाळले. ग्लेबच्या बाबतीत ते हळूहळू सुटत गेले.

तीन वर्षं चांगली गेली. लढतीच्या आदल्या दिवशी बॉक्सरचं वजन करतात. त्याआधी दोन-तीन दिवस तो धड खात नाही, पाणीही मोजून पितो. वजन झालं रे झालं की वसुधा डबा उघडायची. मुगाची मऊ खिचडी, वर तूप. ग्लेब तिला काशा म्हणायचा, त्याच्याकडे आजीच्या हातची असते ती, आणि डबा चाटूनपुसून साफ करायचा. घरी येऊन-जाऊनही तो असायचाच. नैना एकदा म्हणाली, "आई, ही इज लाइक यूअर सन. ही इव्हन फोन्स यू मोर दॅन आय डू." मुलीच्या बोलण्यात टोमणा होता, आणि वसुधाला तो गोड लागला.

२००६मध्ये एक लढत फार वाईट झाली. ग्लेब दुसऱ्या राउंडमध्ये पडला, सहाव्यात पडला, आणि दोन्ही वेळा उठून शेवटी गुणांवर जिंकला. टीव्हीवाल्यांनी काळजाचं कौतुक केलं. मार डोक्याने खाल्ला होता, पण कौतुक काळजाचंच करतात. परतताना तो गाडीत झोपला तो अटलांटा येईपर्यंत हलला नाही. वसुधा दर अर्ध्या तासाने त्याला हलवून जागं करत होती, डॉक्टरच ती.

त्यानंतर बारीकसारीक दिसायला लागलं. एकाच प्रवासात त्याने तीनदा विचारलं, नैना कितवीत आहे. मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली ते सापडेना, तेव्हा हसला. वसुधाही हसली. वजन उतरवताना माणूस असाच होतो, तिने स्वतःला सांगितलं. जे तिने कुठल्याही पेशंटच्या नातेवाइकाच्या तोंडून ऐकून घेतलं नसतं, तेच स्वतःच्या तोंडून ऐकून घेत होती.

२००७च्या दिवाळीला तो फराळाला आला तेव्हा फुलं घेऊन आला. रशियन माणूस फुलं नेहमी विषम देतो. तीन, पाच, सात. सम फुलं फक्त मेलेल्या माणसाला, कबरीवर. तिथली शेंबडी पोरंही यात चुकत नाहीत, आणि ग्लेब चार वर्षांत एकदाही चुकला नव्हता. त्या दिवशी त्याने सहा गुलाब आणले. वसुधाने ते घेताघेताच मोजले, पुन्हा मोजले. तो तर नैनाशी बोलत उभा होता, हसत, नवा शर्ट घालून. ती स्वयंपाकघरात गेली, एक गुलाब काढून ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि पाच फुलं पाण्यात ठेवून बाहेर आणली.

जानेवारीत लायसन्स नवं करायचं होतं. त्यासाठी मेंदूची तपासणी दरवर्षी होते. पुढची लढत जिंकली तर त्याच्या पुढची किताबाची होती, म्हणजे मियासमधून निघाल्यापासून ज्यासाठी जिवाचं रान केलं ते आता हाताशी आलं होतं. डॉक्टर म्हातारे, प्रेमळ आणि घाईत. त्यांनी तीन शब्द सांगितले, लोणी, छत्री, किल्ली. हे लक्षात ठेवा, थोड्या वेळाने विचारीन. वसुधाने ते रशियनमध्ये सांगितले. मग त्याला रेषेवरून चालवलं, बोट नाकाला लावायला सांगितलं, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं. आणि मग विचारलं, ते शब्द कोणते?

"लोणी," ग्लेब म्हणाला. "छत्री." आणि थांबला.

नियमाप्रमाणे त्याने डॉक्टरकडे बघायचं होतं, पण तो मान वळवून मागे वसुधाकडे बघायला लागला. फळ्यापाशी उभ्या केलेल्या पोराचा व्हावा तसा चेहरा झाला होता.

"काहीतरी छोटं होतं, वसुधा राजारामोव्ना," तो रशियनमध्ये हळूच म्हणाला. "खिशात मावेल असं."

वसुधाला गॅरेजमधली पुस्तकं आठवली. दोन मार्क आठवले. एका प्रश्नावर माणसाचं सगळं शिक्षण, सगळी उमेद पाण्यात जाते ते तिने स्वतः भोगलं होतं. आणि त्याला आठवलंच होतं की जवळजवळ, खिशात मावतं म्हणाला, किल्ली नाहीतर दुसरं काय असतं? हे सगळं एका श्वासात तिच्या मनातून गेलं. तिने डॉक्टरना इंग्रजीत सांगितलं, लोणी, छत्री, किल्ली. डॉक्टरनी कागदावर खूण केली.

त्या खोलीत डॉक्टर दोन होते. एकाला रशियन येत नव्हतं. दुसरीला येत होतं आणि ग्लेबला काय झालंय तेही कळत होतं, आणि तिनेच सारवासारव केली.

लढत मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी, मिसिसिपीतल्या एका कॅसिनोच्या हॉलमध्ये होती. समोरचा बॉक्सर ग्लेबहून तरुण आणि उंच होता. पाचव्या राउंडपर्यंत बरोबरी होती. सातव्यानंतर ग्लेब स्टुलावर येऊन बसला, वसुधा त्याच्या कानाशी वाकली, आणि त्यानेच विचारलं, आता तिसरा राउंड ना? हा काय विचारतोय ते तिने ओटिसला सांगितलं. ओटिस बर्फाची पिशवी त्याच्या मानेवर दाबत म्हणाला की सगळेच असं विचारतात, तो स्वतः सुद्धा विचारायचा. रिंगजवळचा डॉक्टर चार पावलांवर उभा होता. त्याला हाक मारावी, सांगावं, असं वसुधाला वाटलं. पण तो विचारणार, आधी कधी असं झालं होतं का? आणि मग जानेवारीतला तिसरा शब्द बाहेर येणार. ती हा हिशोब करत होती तेवढ्यात घंटा झाली. साठ सेकंद संपले, आणि ग्लेब उठून गेला.

दहाही राउंड तो उभा राहिला. गुणांवर हरला. ड्रेसिंग रूममध्ये हातावरच्या पट्ट्या कापून काढत असताना त्याने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, उलटी केली, आणि ओटिसच्या मांडीवर आडवा झाला तो शुद्ध हरपूनच. हेलिकॉप्टरने नेलं. कवटी उघडून रक्त काढलं. वसुधा ऑपरेशन थिएटरबाहेर तिचं नाव छापलेलं जॅकेट अंगात घालून बसली होती. डॉक्टर बाहेर येऊन काय सांगणार ते तिला आधीच ठाऊक होतं. ते सगळं ती एकेकाळी रशियनमध्ये शिकली होती.

तीन आठवड्यांनी ग्लेबला अटलांटाच्या एका हॉस्पिटलात हलवलं. घरी वसुधाने श्रीरामला सगळं सांगितलं. सहा गुलाबही सांगितले. श्रीराम माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "वसू, एक वर्ड गं. एका वर्डने काय होतं? आणि आता सांगून तो बरा होणार आहे का? ऑगस्टमध्ये आपला सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू आहे. लॉयर, कोर्ट, कशाकशात अडकशील यार. प्लीज, कुणाशी बोलू नकोस." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. सांगून ग्लेब बरा होणार नव्हता. वसुधाने मान हलवली, आणि त्या दिवसापासून तिला जेवण जाईना.

जूनच्या अखेरीला ग्लेबच्या आईला व्हिसा मिळाला. झोया येगोरोव्ना. ट्रकच्या कारखान्यातल्या कँटीनमध्ये तीस वर्षं काम केलेली, बुटकी, रुंद खांद्यांची बाई. पहिल्यांदाच विमानात बसलेली. एअरपोर्टवर वसुधाला पाहताच तिने बॅगा खाली ठेवल्या आणि तिला मिठी मारून म्हणाली, "वसुधा राजारामोव्ना. माझा ग्लेब दर रविवारी फोनवर तुमचं सांगायचा. मी त्याला म्हणायची, परदेशात तुला देवाने आई दिली." वसुधाने त्या बॅगा उचलल्या. तिला वर बघवेना.

हॉस्पिटलने तिच्याऐवजी दुसरा दुभाषी दिला असता. वसुधाने तसं म्हणूनही पाहिलं. पण झोयाबाई हटून बसल्या, की माझ्या पोराला ओळखणारं माणूसच मला हवं.

ग्लेब पलंगावर टेकून बसला होता. डोक्याचे केस काढलेले, उजवा हात मांडीवर पडलेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हॉलंड नावाच्या, चांगल्या शिकवणीतल्या. बोलताना त्या झोयाबाईंकडेच बघत होत्या. वसुधाची खुर्ची झोयाबाईंच्या खांद्यामागे होती. हॉलंडबाईंनी ग्लेबला तीन शब्द सांगितले, घोडा, खुर्ची, चमचा, आणि थोड्या वेळाने विचारले. ग्लेबने आईकडे पाहिलं, मग आईच्या मागे वसुधाकडे पाहिलं, आणि जड जिभेने काहीतरी विचारलं.

वसुधाने शब्दाला शब्द सांगितला. "तो म्हणतोय, वजन झालं का? झालं असेल तर काशा खाऊ का?"

हॉलंडबाईंनी कागदावर शून्य लिहिलं. झोयाबाई पोराच्या लुळ्या हातावर हात फिरवत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की असं एकदम कसं झालं, आधी काही दिसलं नव्हतं का, कुणालाच कसं कळलं नाही. वसुधाने प्रश्न इंग्रजीत पोचवला. हॉलंडबाईंनी फाइलची पानं उलटली, एका कागदावर बोट ठेवलं आणि झोयाबाईंच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "जानेवारीतली तपासणी इथे आहे. तीनपैकी तीन शब्द बरोबर. तेव्हा तुमचा मुलगा पूर्ण ठीक होता. हे आधी कुणालाच कळण्यासारखं नव्हतं. यात कुणाची चूक नाही."

हे आता रशियनमध्ये सांगायचं होतं. समोरचा बोलेल तेच, तेवढंच. वसुधाने सांगितलं. एक अक्षर घातलं नाही की गाळलं नाही. इतकं चोख भाषांतर तिने ग्लेबच्या बाबतीत कधी केलं नव्हतं, आणि इतकं खोटं कुठल्याच पेशंटच्या बाबतीत केलं नव्हतं.

झोयाबाईंनी छातीवर क्रूस काढला. देवाची कृपा, म्हणजे कुणी पाप केलं नाही, असं काहीतरी पुटपुटल्या. मग मागे वळल्या, वसुधाचा हात धरला आणि तो आपल्या ओठांना लावला.

"तुम्ही त्याला सांभाळलंत," त्या म्हणाल्या.

वसुधाने हात सोडवून घेतला नाही. तो हात तसाच त्यांच्या हातात ठेवून तिने सांगायला सुरुवात केली. जानेवारीत त्याला दोनच शब्द आठवले होते. तिसरा मी सांगितला. त्याला वाईट वाटू नये म्हणून, लढत जाऊ नये म्हणून. मी डॉक्टर आहे, मला कळत होतं. त्याआधी दिवाळीला त्याने सहा फुलं आणली होती, मी एक काढून टाकलं. रिंगमध्ये त्याने सातव्या राउंडनंतर तिसरा म्हटलं तेव्हाही मी डॉक्टरला हाक मारली नाही.

सहा फुलांचं ऐकल्यावर झोयाबाईंनी हात काढून घेतला. दुसऱ्या कुणाला ते समजलं नसतं, त्यांना समजलं. त्या ग्लेबकडे वळल्या. त्यांना संताप आला होता की नाही ते वसुधाला कळेना, कारण चेहऱ्यावर काहीच नव्हतं, तीस वर्षं कढईसमोर उभं राहून चेहरा जसा होतो तसा. हॉलंडबाई पेन हातात धरून थांबल्या होत्या, दोघी आपापसांत काय बोलतात ते आता सांगितलं जाईल म्हणून.

मग झोयाबाईंनी मान न वळवता डॉक्टरकडे बोट दाखवलं.

"हे तिला सांगा," त्या म्हणाल्या. "सगळं. तुम्ही दुभाषी आहात ना? सांगा."

या वेळी झोयाबाई "वसुधा राजारामोव्ना" म्हणाल्या नाहीत. पुढेही कधी म्हणाल्या नाहीत.

वसुधाच्या डोळ्यांपुढून ऑगस्टमधला इंटरव्ह्यू गेला, श्रीराम गेला, लॉयर गेला. ती इंग्रजीत बोलायला लागली, जानेवारीपासून. हॉलंडबाई मान डोलवत ऐकत होत्या, पण शिकवलेल्या सवयीने बघत होत्या झोयाबाईंकडे. सगळी सहानुभूती त्यांच्याकडे चालली होती, जणू त्या आईनेच काही केलं होतं. वसुधा तीन वाक्यं बोलली आणि तिला ते सोसवेना. ती उठली. खुर्ची खरडत पलंगाला वळसा घालून पुढे आणली आणि हॉलंडबाईंच्या अगदी समोर बसली.

"डॉक्टर, माझ्याकडे बघा," ती म्हणाली. "हे त्यांचं बोलणं नाही. माझं आहे."

हॉलंडबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तासाभरात पहिल्यांदाच. मग पेन कागदावर टेकवून हळूच विचारलं, तुमचं पूर्ण नाव काय?

पलंगावरून ग्लेबने तिच्याआधीच ते सांगितलं, मोठ्याने, एकही अक्षर न चुकता. घोडा गेला, खुर्ची गेली, चमचा गेला, हे तेवढं राहिलं होतं. वसुधाने तोंडात पदर कोंबला असता, पण अंगात जॅकेट होतं. हॉलंडबाईंनी स्पेलिंग विचारलं. मास्तरांचं नाव अशा कागदावर लिहिलं जाणार होतं आणि लिहून देणारी तीच होती. तिने एकेक अक्षर सावकाश सांगितलं, आधी तिचं, मग वडिलांचं.